शनिवारची डुकरीण

टोंगा बेटांवरच्या मातातोका गावात कौफोऊच्या तोंडाला भीत नव्हता असा एकच जण होता, तो म्हणजे समुद्र. बाकी सगळे तिला वचकून असत, आणि तिने आपल्यावर एखादं गाणं करावं म्हणून मनातून झुरतही असत. तिच्या गाण्यात कुणाचं नाव येत नसे. टोंगात नाव घेऊन बोलतो तो अडाणी. शहाणा माणूस फुलाबद्दल बोलतो, पाखराबद्दल बोलतो, आणि ज्याला लागायचं त्याला ते बरोबर लागतं. कौफोऊने एकदा एका सुक्या नारळाची तोंडभर स्तुती केली होती. किती घट्ट, किती केसाळ, फोडायला गेलं तर कुऱ्हाड बोथट होते आणि आत बघावं तर घोटभर पाणी नाही. पुढच्याच रविवारी गावातल्या सर्वांत चिक्कू माणसाने चर्चच्या जेवणाला अख्खं डुक्कर पाठवलं, आणि ते पाठवताना तो चक्क खुशीत होता. गाण्यात आलो एकदाचा, या आनंदात.

मग एका शनिवारी समुद्रातला डोंगर फुटला. आभाळ काळं झालं, राख पडायला लागली आणि लाट आली. गावातलं माणूस एकही गेलं नाही, पण किनाऱ्यालगतचं घर एकही राहिलं नाही. कौफोऊचं घर गेलं, कढई गेली, तिच्या नवऱ्याच्या थडग्यावर पसरलेली पांढरी रेतीसुद्धा समुद्राने परत नेली. त्या दिवसापासून तिने गाणं केलं नाही.

गाव आत माळावर हलवलं गेलं. एकसारखी घरं, एकसारखी दारं, सगळी फिकट हिरवी. काव्हा पिऊन गुंगीत परतणारे पुरुष पहिले काही महिने कुणाच्याही घरात शिरून झोपत. शेजारच्या फूसीचा नवरा एकदा पाद्र्याच्या पलंगावर सापडला, आणि सकाळी त्याला तिथेच प्रार्थनेला बसवलं गेलं.

आणि सगळे येऊन त्यांना खंबीर म्हणायला लागले. सरकारी माणसं म्हणाली, परदेशी पाहुणे म्हणाले, ऑकलंडचे नातेवाईक फोनवर रडत रडत म्हणाले. मातातोकाची माणसं किती खंबीर. कौफोऊने यातून एक गोष्ट टिपून ठेवली होती. ज्या दिवशी कुणी खंबीर म्हणून जाई, त्या दिवशी समजायचं की पाण्याची टाकी यायला अजून अवकाश आहे. "टाकी देणारा माणूस असलं काही बोलत नाही," ती फूसीला म्हणे. "तो आपला टाकी ठेवतो आणि सही मागतो."

पाद्र्याची बायको लाविनिया ऑकलंडहून एक शिक्षण घेऊन आली होती. दुःखातून सावरण्यासाठी कविता, असं काहीसं. तिने बायकांना चर्चच्या ओसरीवर गोल बसवलं आणि सांगितलं, प्रत्येकीने समुद्राला उद्देशून एक ओळ म्हणा, मनात असेल ती. बायकांनी मान खाली घालून देवाच्या इच्छेविषयी ओळी म्हटल्या. कौफोऊची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "समुद्रा, माझी कढई परत दे."

लाविनियाचे डोळे भरून आले. "हा राग आहे, कौफोऊताई. फार सुंदर आहे. बाहेर येऊ द्या त्याला."

"राग नाही, बाई. कढई आहे. मोठी, दोन कानांची."

असो. लाविनिया वाईट नव्हती, तरुण होती. लाटेला वर्ष होईल त्या दिवशी नव्या सभागृहाचं उद्घाटन ठरलं तेव्हा तीच कौफोऊकडे आली. बायका ओळीत बसून हातांनी नाचतील, ढोल वाजेल, आणि त्यासाठी नवं गाणं हवं. गावाच्या धैर्याचं. लाविनियाने सुरुवातीच्या चार ओळी स्वतःच करून आणल्या होत्या. त्यात पहाट होती, वल्हं होतं, तुटलेली पण न वाकलेली माडाची झाडं होती. कौफोऊने त्या ऐकून घेतल्या आणि विचारलं की तुटलेलं झाड वाकणार कसं. लाविनिया म्हणाली, ते मनाचं झाड आहे. कौफोऊ म्हणाली, बघते.

ती काही बघणार नव्हती. तिच्या पोटात गाणं नव्हतंच. आणि ते का नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. कढईमुळे नव्हतं, घरामुळेही नव्हतं. तिचा भाऊ लिसियाते वर्षभर तिच्यासमोर आला नव्हता, त्यामुळे नव्हतं.

ते असं झालं. शनिवार, संध्याकाळ. उद्या चर्च म्हणून सगळं गाव अंग घासत होतं. कौफोऊ घरामागच्या पत्र्याच्या न्हाणीत होती, डोक्याला साबण. धडाम आवाज झाला, दुसरा झाला, बाहेर आरडाओरडा सुरू झाला. फूसी हाका मारत होती. कौफोऊ म्हणाली, केस धुऊन येते. हट्टच तो. साबण केसांत ठेवून मरणाऱ्यांपैकी ती नव्हती. मग पत्रा ओढला गेला, कुणीतरी तिला कोनफळाच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि पळत सुटलं. तो लिसियाते होता. ती होती तशी होती, म्हणजे अंगावर फेस सोडला तर काही नव्हतं. वाटेत नीरफणसाच्या झाडावर तिचं कपाळ दणकन आपटलं. जुन्या गावाच्या टाकीजवळच्या उंचवट्यावर सगळं गाव जमलेलं होतं, आणि त्या सगळ्या गावासमोर भावाने बहिणीला खाली ठेवलं.

आता हे लक्षात घ्यायला हवं की टोंगात बहीणभाऊ मोठे झाले की एका छपराखाली टीव्हीसुद्धा बघत नाहीत. पडद्यावर कुणी मुका घेतला तर दोघांनी बघायचं कुठे? भाऊ बहिणीच्या खोलीत जात नाही, तिच्यासमोर वाह्यात बोलत नाही. बैठकीत कुणी चावट गोष्ट काढली आणि तिथे कुणाची बहीण किंवा भाऊ असला, तर कुणीतरी नुसतं खाकरतं आणि विषय बदलतो. बहिणीचा मान सगळ्यात वर. तिचं डोकं तर त्याहून वर, त्याला भावाकडून धक्काही लागायचा नाही.

त्या दिवशी सांभाळून घेतलं ते मातापुले उआइसेलेने. गावाच्या वतीने बोलणं हे त्याच्या घराण्याचं काम, आणि बोलून लाज झाकणं हा त्या कामाचा अवघड भाग. तो राखेत उभा राहून मोठ्याने म्हणाला, "बघा, लिसियातेने डुकरीण वाचवून आणली. चटई टाका तिच्यावर, गारठेल." कुणीतरी चटई टाकली. तेव्हापासून गावात असंच म्हणायची पद्धत पडली. लिसियातेने लाटेतून डुकरीण आणली. कौफोऊकडे डुकरीण कधीच नव्हती, पण लहान मुलांनासुद्धा तिचं वजन ठाऊक होतं.

आणि लिसियाते मागे न बघता निघून गेला तो गेलाच. आत रानात, आपल्या कोनफळाच्या मळ्यावर झोपडी बांधून राहिला. त्याची बायको ऑकलंडला मोठ्या मुलाकडे होती. धाकटी मुलगी सेइनी तेवढी गावात, आत्याच्या शेजारच्या घरात. पूर्वी पहिलं कोनफळ निघालं की तो ते स्वतः घेऊन यायचा, पायरीशी ठेवायचा, खाकरायचा आणि बाहेर माडाखाली बसून आतल्या चुलीचा आवाज ऐकायचा. आता तारेच्या कुंपणाला पिशवी अडकवलेली असायची. अडकवताना तार थरथरायची, आणि कौफोऊ बाहेर येईपर्यंत तो गेलेला असायचा.

"मला काय हौस होती का?" ती मनाशी म्हणे. "बघितलं असेल त्याने. डोळे आहेत तर दिसणारच. म्हणून काय जन्मभर तोंड चुकवायचं? मी काय एवढी बघवत नाही?" रागावून ती त्याची कोनफळं दुप्पट नारळाच्या दुधात शिजवायची आणि शेवटपर्यंत खायची.

लाविनिया गेली त्याच दिवशी दुपारी सेइनी आली. ओट्याशी खाली बसली. आत्यासमोर भाची उंच बसत नाही. ती बराच वेळ चटईचं टोक उसवत राहिली.

"आत्या, बाबा ऑकलंडला निघालेत. दादाकडे. कायमचेच म्हणतात."

"कधी?"

"उद्घाटन झालं की. जेवणाची भट्टी लावायला माणूस नाही म्हणून तेवढ्यापुरते थांबलेत."

कौफोऊने विचारलं, तिथे जाऊन करणार काय तो. सेइनी म्हणाली, दादा म्हणतो गोदामात काम आहे. कौफोऊला लिसियाते गोदामात दिसेना. तो तिला कोनफळाच्या वेलाखालीच दिसत होता, जमिनीला कान लावून. हा माणूस कंद किती मोठा झाला ते ऐकू येतं म्हणायचा.

"तू विचारलंस त्याला, का ते?"

"मी कशी विचारणार? तुमच्या दोघांच्यातलं मी बोलायचं का?"

"मग मी कशी बोलणार?"

"तेच ना," सेइनी म्हणाली. बहीणभावाच्या मधे पडून बोलेल असं तिसरं माणूस टोंगात जन्माला आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कौफोऊ आणि फूसी सालीचं कापड कुटायला बसल्या. लाकडावर साल पसरायची आणि दांड्याने ठोकत राहायचं. यात एक फायदा असा की ठोकताना माणूस जे बोलतं ते त्याचं त्यालाही नीट ऐकू येत नाही, त्यामुळे बरंच बोलून होतं. कौफोऊ ठोकत ठोकत म्हणाली की तिचा भाऊ देश सोडून चालला आहे, तिला बघावं लागलं म्हणून.

"काय बघावं लागलं?" फूसी म्हणाली.

"मला. शनिवारी."

"तो कुठे बघत होता? डोळे मिटलेले होते त्याचे."

कौफोऊचा दांडा हवेत राहिला. "कुणाचे?"

"त्याचे, मेली, आणखी कुणाचे. न्हाणीचा पत्रा ओढला तेव्हापासून वर टाकीपर्यंत गच्च मिटलेले. मी मागेच पळत होते. म्हटलं हा आता पडतो आणि ही त्याच्यावर पडते, मग दोघांना मी एकटी कशी ओढू."

"आणि हे तू मला वर्षभर सांगितलं नाहीस?"

"तू त्याच्या खांद्यावर होतीस. मला वाटलं, तुला ठाऊक."

"मी उलटी होते, फूसी. माझ्यासमोर त्याच्या टाचा होत्या."

फूसीने यावर विचार केला. तेही खरंच, म्हणाली, आणि पुन्हा ठोकायला लागली. कौफोऊ ठोकत नव्हती. तिला आठवत होतं, उंचवट्यावर पाय टेकले तेव्हा कपाळातून कळ गेली होती आणि ती सगळ्या गावासमोर ओरडली होती, "डोळे फुटले का तुझे, आंधळ्या?" शिव्या तिने सगळ्यांना दिल्या होत्या. पाद्र्याला, पोलिसाला, एकदा तर येऊन गेलेल्या मंत्र्याच्या गाडीला. भावाला मात्र जन्मात ही एकच. आणि तो बिचारा तिचा मान राखायला डोळे मिटून पळत आलेला.

ती उठली. फूसीने विचारलं, कुठे. कौफोऊ म्हणाली, "डुकरीण मागायला."

उआइसेले अंगणात केवड्याची पानं वाळवत होता. कौफोऊ समोर बसली आणि म्हणाली की डुकरीण त्याची आहे, त्याने निर्माण केली, तेव्हा विचारल्याशिवाय घेणं बरं नाही. तिला ती एका दिवसापुरती हवी होती. उआइसेलेला सगळं कळलं. त्याने एक पान उलटलं, मग दुसरं.

"तो तिथे असणार?"

"भट्टीपाशी. म्हणजे सभागृहाच्या मागच्या खांबापाशी येऊन बसेल. बाजूंना भिंती नाहीत, सगळं ऐकू जाईल."

"लोक हसले तर?"

"हसले तर बहिणीसमोर भावाची थट्टा झाली. तो उठून जाईल, आणि मग गोदामातच मरेल."

"म्हणजे हसण्यासारखं गाणं, आणि कुणी हसायचं नाही."

"हो."

"हे अवघड आहे, कौफोऊ."

"म्हणून तर मातापुले लागतात. सोपं असतं तर पाद्र्याला सांगितलं असतं."

उआइसेले दुसऱ्या दिवसापासून घरोघर गेला. प्रत्येक घरी त्याने एवढंच सांगितलं की उद्घाटनाला डुकरिणीचं गाणं आहे. ती डुकरीण आहे. ज्याला त्यात डुकरिणीशिवाय आणखी कुणी दिसेल, त्याच्या मुलीच्या लग्नात तो स्वतः भाषण करील, आणि पूर्ण करील. लोकांनी उआइसेलेची पूर्ण भाषणं ऐकलेली होती. तोवर भट्टीतलं मांस पार कोळसा व्हायचं.

खरी अडचण लाविनियाची झाली. चर्चच्या सभागृहात, परदेशी पाहुण्यांसमोर, धैर्याच्या दिवशी डुकरीण? कौफोऊने तिला सगळं सांगितलं नाही, पण भाऊ निघालाय एवढं सांगितलं. लाविनियाचा स्वतःचा भाऊ ऑकलंडला होता, आणि त्याच्याशी ती पाच-पाच मिनिटं फक्त हवेबद्दल बोलायची. तिने आपल्या चार ओळी घडी घालून कमरेला गुंडाळलेल्या मानाच्या चटईत खोचल्या. एकच विनंती केली, की शेवटी थोडंसं तरी उजेडाचं काही येऊ द्या. कौफोऊ म्हणाली, दिवा घालते.

उद्घाटनाच्या दिवशी ऊन चांगलं होतं. बायका तेल लावलेल्या हातांनी ओळीत बसल्या होत्या, कमरेला चटया, केसांत फुलं. पाहुण्यांची भाषणं झाली. खंबीर हा शब्द इतक्या वेळा आला की मागच्या ओळीतल्या पोरी बोटांवर मोजायला लागल्या. आणि सभागृहाच्या पार मागच्या खांबापाशी, भट्टीच्या धुराने काळवंडलेला, पाठ करून लिसियाते बसला होता. एवढी रुंद पाठ गावात दुसरी नव्हती. कौफोऊ ढोलाशेजारी बसली आणि वर्षभरानंतर तिने ती पाठ पाहिली. थोडी वाकली होती.

ढोल सुरू झाला.

*शनिवारी डुकरीण न्हायला बसली, कानामागे फेस,*
*न बोलावता दारी आला समुद्र बदलून वेश.*
*गाव पळालं, कोंबड्या पळाल्या, पळाली चर्चची घंटा,*
*डुकरीण घाली साबणापायी लाटेशीच तंटा.*

बायकांचे हात लाटेसारखे उठले आणि साबणासारखे घसरले. कुणी हसलं नाही. एकाही चेहऱ्यावर काही नव्हतं. शेकडो माणसं एका डुकरिणीकडे अशी बघत होती, जसं काही बायबल वाचलं जातंय. परदेशी पाहुण्यांनी मान हलवली. दुःख फार खोल आहे, असं त्यांना वाटलं असावं.

*आला एक कोनफळवाला, मिटून दोन्ही डोळे,*
*खांद्यावर त्याच्या डुकरीण, अंगभर फेस लोळे.*

खांबापाशी ती पाठ ताठ झाली. पहिल्या ओळीतल्या एका पोरीचा खालचा ओठ थरथरायला लागला. लाविनिया तिच्या मागेच होती. तिने विणलेला पंखा त्या पोरीच्या पाठीत असा खुपसला की ओठ जागच्या जागी थांबला. आणि मग लाविनियाने तोच पंखा स्वतःच्या दातांत धरला.

*फणसावर डोकं आपटलं तेव्हा डुकरीण होती बोलली,*
*"आंधळा मेला!" ती एक शिवी अजून नाही धुतली.*
*लाटेने नेलं घर न् दार, नेली चूल, नेला दिवा,*
*डोळे मिटून जो धावला, तोच डोळस म्हणावा.*

ढोल थांबला. एरवी गाणं संपलं की बायका-पुरुष धावत येतात, नाचणारीच्या तेलकट दंडावर नोटा चिकटवतात, ओरडतात. कुणी हललं नाही. सगळं गाव खांबाकडे न बघता खांबाकडे बघत होतं.

लिसियाते उठला. तो जाणार, असंच कौफोऊला वाटलं, आणि तिने डोळे मिटून घेतले. आता तिची पाळी होती. पण पावलं लांब गेली नाहीत. तो वळला, बहिणीकडे नाही, उआइसेलेकडे, आणि हात बांधून उभा राहिला.

"मातापुले, गाणं करणाऱ्या बाईंना निरोप द्यायचा आहे."

"बोल," उआइसेले म्हणाला.

"गाणं चांगलं आहे. एका ठिकाणी चुकलंय. त्या माणसाला मी ओळखतो. वाट त्याने काढली नाही. त्याचे डोळे मिटलेले होते, तो काय वाट काढणार. सगळी वाट डुकरिणीने मान वळवून वळवून सांगितली. इथे दोरी आहे, वाक. इथे खड्डा आहे, उडी मार. ती ओरडत होती ते त्यासाठी. एकटा असता तर तो सरळ समुद्रात गेला असता."

कौफोऊने डोळे उघडले. ओरडलेलं तिला आठवत होतं. आपण नुसतं आरडत होतो असं तिने वर्षभर धरून ठेवलं होतं. दोरी, खड्डा. हो, दोरी होती. फूसीची कपड्यांची दोरी.

उआइसेलेने गंभीरपणे मान डोलवली. हा त्याचा धंदाच होता. "मग तो झाडावर कसा आपटला?"

"डुकरीण म्हणाली, उजवीकडे. तो उजवीकडे वळला." लिसियाते थांबला. "पण डुकरीण उलटी लटकलेली होती. तिचं उजवं ते त्याचं डावं."

सभागृहात एक आवाज झाला, पुष्कळ लोकांनी एकदम नाकाने श्वास घेतल्यासारखा. तरीही कुणी हसलं नाही.

"आणि डुकरिणीला सांगा," लिसियाते म्हणाला, आता आवाज बारीक झाला होता, "शिवी लागली नव्हती. तिला झाड लागलं, ते लागलं. कपाळावर खूण राहिली असेल. ती बघायचा त्या माणसाला धीर होत नाही. म्हणून तो येत नाही. दुसरं काही नाही."

उआइसेले कौफोऊकडे वळला. तो निरोप पुन्हा सांगणार होता, पद्धतच तशी, पण तिने हात वर केला. कपाळावर भुवईपाशी एक रेघ होती खरी. तिने केसांनी ती कधी झाकली नव्हती, आणि तिच्याकडे कधी लक्षही दिलं नव्हतं.

"त्यांना सांगा, मातापुले," ती म्हणाली, "की डुकरिणीचं कपाळ आधीपासूनच असं होतं. जन्माचंच दळभद्री. झाडाला मात्र तेव्हापासून फळ धरत नाही."

उआइसेलेने तोंड उघडलं, निरोप पोचवायला, आणि निरोपाऐवजी त्यातून हसू बाहेर पडलं. म्हाताऱ्या माणसाचं, दात नसलेलं, आवरता न येणारं. मातापुले हसला म्हणजे गावाने हसावं की नाही यावर नियम कुठे नव्हता, आणि तो कुणी शोधतही बसलं नाही. वर्षभराचं साठलेलं होतं. लोक एकमेकांच्या अंगावर कोसळून हसले. फूसी रडायला लागली. परदेशी पाहुणेही हसले, जरा उशिरा आणि जरा जपून. लाविनियाच्या पंख्याची काडी तुटली. लिसियाते त्या गोंगाटात मागे वळून भट्टीकडे गेला, कारण मांस करपत होतं, आणि जाताना त्याची पाठ हलत होती. हसून की आणखी कशाने, हे पाठीवरून कळत नाही.

त्याने विमानाचं तिकीट रद्द केलं नाही. पुढे ढकललं, आणि अजून ढकलतोच आहे. विचारलं तर म्हणतो, कोनफळं जमिनीत आहेत, कंद अर्धे सोडून माणूस कसा जाईल. तेही खरंच आहे.

कंद निघाले तेव्हा एका सकाळी कौफोऊ आत चुलीपाशी होती आणि सेइनी पाट्यावर नारळ खवत होती. कुंपणाची तार थरथरली नाही. फाटकाची कडी वाजली, मग पायरीपाशी जड काहीतरी टेकल्याचा आवाज आला, आणि मग कुणीतरी खाकरलं.

कौफोऊ उठली नाही. तिने चुलीत एक लाकूड सारलं. "सेइनी, बाहेर जे कोण आलंय त्यांना म्हणावं, दारात नको, कुणी अडखळेल. उजवीकडे ठेवा."

सेइनी दारापर्यंत गेली, बोलली, आणि तोंडावर हात धरून परत आली.

"आत्या, ते विचारतायत, कोणाच्या उजवीकडे?"